थ्रीडी शिकताय? आधी पेन्सिल घ्या, तांब्यापासून सुरुवात करू

सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे थ्रीडी, म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तूंची मॉडेलं करायला, शिकायला जी पोरं येतात त्यातली बरीचशी आल्या आल्या लॅपटॉप उघडतात, ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर चालू करतात आणि मधला तो क्यूब, म्हणजे चौकोनी ठोकळा, इकडून ओढ तिकडून ओढ करत बसतात, अर्ध्या तासानं काहीतरी तयार झालेलं असतं पण जे करायचं होतं ते नसतं. उंची किती धरलीस, तोंड किती रुंद, मान कुठून सुरू होते असं विचारलं की गप्प. त्यांना वाटतं सॉफ्टवेअर येत नाही म्हणून अडलंय. मला विचाराल तर काय बनवायचं हेच अजून ठरलेलं नसतं, आणि ते ठरवायला कागदाइतकी सोपी जागा नाही, एक रेघ पुसायला दोन सेकंद लागतात आणि तीच चूक मॉडेलमध्ये तीन तासांनी सापडली की निम्मं काम परत करावं लागतं.

चित्रकला येत नाही म्हणून घाबरू नका. इथं शेडिंग नको, सुंदर रेघ नको. अंदाजे सरळ रेघ, मधली रेषा आणि मापं, एवढं जमलं की झालं. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांची अक्षरंसुद्धा वाकडी होती त्यांनी फार चांगली मॉडेलं केलीत, कारण ते प्रत्येक रेघेवर आकडा लिहायचे.

सामान काय लागतं? एचबी पेन्सिल, खोडरबर, ३० सेंटीमीटरची पट्टी, कोरे ए४ कागद आणि शाळेत वापरतो तो १ मिलीमीटरच्या चौकटींचा ग्राफ पेपर. सांगलीच्या गणपती पेठेत नाहीतर तुमच्या गावातल्या कुठल्याही स्टेशनरीत मिळेल. शिवाय एक दोरा. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं जबडेवालं साधन) असेल तर उत्तमच, नसला तरी पहिल्या आठवड्यात अडत नाही.

आता स्वयंपाकघरातून तांब्या आणा. तांब्याच का, तर तो गोल आहे, मधल्या रेषेभोवती सगळीकडून सारखा आहे, म्हणजे अर्धी आकृती काढली की पूर्ण वस्तू मिळते. उंची मोजायला तांब्या भिंतीला लावून उभा करा, वरून पट्टी आडवी ठेवा आणि भिंतीवर खूण करा. तोंड आणि बूड पट्टीनं मोजता येतं. पोटाला मात्र पट्टी लागत नाही, तिथं दोरा गुंडाळायचा, दोऱ्याची लांबी मोजायची आणि ३.१४ नं भागायचं. समजा दोरा ३७७ मिलीमीटर भरला तर पोटाचा व्यास आला १२०. मानेचं पण तसंच. आणि हो, नुसता व्यास लिहून भागत नाही, तो व्यास बुडापासून किती उंचीवर आहे ते पण लिहायचं, हे नव्वद टक्के लोक विसरतात आणि मग पोट वर सरकतं नाहीतर खाली लोंबतं.

समजा मापं अशी आली: उंची १५०, बूड ८०, पोट १२० आणि ते ६० उंचीवर, मान ७० आणि ती १२० उंचीवर, तोंड ९०. ग्राफ पेपरवर उभी मध्यरेषा काढा, लांब-तुटक-लांब-तुटक अशी, आयटीआयमध्ये ज्याला सेंटरलाईन म्हणतात ती. तिच्यावर खालून ०, ६०, १२०, १५० अशा उंचीच्या खुणा करा. प्रत्येक खुणेवर उजवीकडे अर्धा व्यास मोजा, म्हणजे ४०, ६०, ३५, ४५. मग हे टिंब हाताने वळण देत जोडा. कोपर न हलवता फक्त मनगटानं काढायला गेलात तर रेघ थरथरते, म्हणून अख्खा हात फिरवा, आधी हवेतल्या हवेत दोनदा आणि मग कागदावर. चार-पाच फिक्या रेघा आल्या तरी चालतील, त्यातली बरोबर वाटते ती गडद करा.

हे झालं की एक छोटा आरसा घ्या, पावडरच्या डबीतला पण चालतो, आणि मध्यरेषेवर उभा धरा. अख्खा तांब्या दिसेल! मला अजूनही हे बघायला आवडतं. मान फार बारीक झालीय का, पोट फुगलंय का, हे आरशात लगेच कळतं, नुसत्या अर्ध्या रेघेवरून कळत नाही. काही खटकलं तर इथंच दुरुस्त करा. पुढे ब्लेंडरमध्ये मिरर मॉडिफायर (मॉडिफायर म्हणजे मॉडेलवर आपोआप बदल करणारी सोय) म्हणून जे येतं ते याच आरशाचं काम करतं, तेव्हा ही सवय तिथं पण उपयोगाची.

आता कागद कॉम्प्युटरमध्ये न्यायचा. इथं लोक लई घाई करतात, टेबलावर कागद, हातात मोबाईल, तिरका फोटो आणि लगेच पाठवला. तिरक्या फोटोत जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान येते, मग मापं जुळत नाहीत आणि दोष सॉफ्टवेअरला. फोटो काढायच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात १०० मिलीमीटरची एक आडवी आणि १०० ची एक उभी रेघ काढून ठेवा. फोटो स्क्रीनवर मोजल्यावर दोन्ही रेघा सारख्या आल्या तर फोटो सरळ आहे, आडवी १०० आणि उभी ९६ अशी आली तर परत काढा. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, मोबाईल कागदाच्या बरोब्बर वर धरून, थोडं लांब राहून मग झूम करून काढा, अगदी जवळ धरू नका कारण जवळून कडा फुगतात. स्कॅनर असेल तर प्रश्नच मिटला, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ए४ कागद साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा येतो, भरपूर झाला. झेरॉक्सवरून मात्र माप घेऊ नका, मशीन कधी कधी किंचित लहान-मोठं करतं, म्हणूनच ती १०० ची रेघ सगळीकडे सोबत असू द्या.

ब्लेंडर फुकट आहे, २००२ साली लोकांनी वर्गणी काढून १ लाख युरो जमवले आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी मोकळा केला, आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात बसून शिकणाऱ्याला याचं मोल जास्त कळतं. उघडलं की आधी सीन प्रॉपर्टीजमध्ये युनिट्सकडे जा, युनिट स्केल ०.००१ करा आणि लेंग्थ मिलीमीटर निवडा. हे का करायचं ते शेवटी थ्रीडी प्रिंटिंगचं येईल तेव्हा सांगते, पण आत्ताच करून ठेवा.

मग नमपॅडवरचं, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरचं, १ दाबा, म्हणजे समोरून दिसेल. लॅपटॉपला नमपॅड नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली एम्युलेट नमपॅड चालू करा, वरचे साधे आकडे चालायला लागतात. आता शिफ्ट आणि ए दाबून इमेज, त्यात रेफरन्स, आणि तुमचा फोटो निवडा. फोटो आला की उजवीकडच्या पॅनेलमध्ये त्याची ओपॅसिटी निम्मी करा आणि डेप्थ बॅक ठेवा, नाहीतर तुमचे पॉईंट फोटोच्या मागं दडतात आणि तुम्ही शोधत बसता.

फोटो खऱ्या मापाला आणायची माझी पद्धत साधी आहे. एक क्यूब घ्या, एन दाबून उघडणाऱ्या पॅनेलमध्ये त्याची झेड उंची १५० मिलीमीटर करा आणि झेड लोकेशन ७५, म्हणजे तो जमिनीवर उभा राहील. आता फोटो निवडून एस नं लहान-मोठा करत आणि जी नं सरकवत तांब्याचं बूड क्यूबच्या बुडाला आणि तोंड क्यूबच्या माथ्याला लावा, आणि तुमची पेन्सिलची मध्यरेषा बरोबर उभ्या निळ्या अक्षावर आली पाहिजे. ती दोन मिलीमीटर इकडंतिकडं राहिली तर पोटाचा व्यास चार मिलीमीटरनं चुकतो, त्यामुळे इथं झूम करून नीट बघा. जुळलं की क्यूब डिलीट.

आता रेघ गिरवायची. प्लेन घ्या, एडिट मोडमध्ये, म्हणजे वस्तूचे पॉईंट हलवता येतात त्या मोडमध्ये, जाऊन सगळे पॉईंट निवडा, एम दाबून अ‍ॅट सेंटर मर्ज करा, एकच पॉईंट उरतो आणि तो बरोबर मध्यावर असतो. तिथून कंट्रोल धरून राईट क्लिक करत पेन्सिलच्या रेघेवर पॉईंट टाकत जा: बुडाच्या मध्यापासून बुडाच्या कडेपर्यंत, मग पोट, मान, तोंड. नवीन माणूस इथं पन्नास पॉईंट टाकतो. आठ-दहा पुरे! जिथं वळण बदलतं तिथंच टाका, म्हणजे कागदावर जिथं तुम्ही मापाच्या खुणा केल्यात तिथं आणि त्यांच्यामध्ये एखादा. पॉईंट जास्त झाले की तुमच्या हाताची थरथर पण मॉडेलमध्ये उतरते.

ऑब्जेक्ट मोडला या आणि स्क्रू मॉडिफायर लावा, अक्ष झेड, अँगल ३६०, स्टेप्स ६४, मर्ज चालू. अर्धी रेघ गोल फिरून तांब्या उभा राहतो. त्यावर पत्र्याची जाडी म्हणून सॉलिडिफाय आणि गुळगुळीत करायला सबडिव्हिजन सरफेस. पृष्ठभाग काळपट किंवा उलटा दिसला तर स्क्रूमधलं फ्लिप दाबून बघा. पहिल्या दिवशी एवढंच करा, आणि तोच तांब्या तीनदा करा, तिसऱ्यांदा वीस मिनिटांत होतो.

गोल नसलेल्या वस्तूला एक आकृती पुरत नाही, तिला तीन लागतात, समोरून, बाजूनं आणि वरून. आता यात एक मोठी मेख आहे आणि ती मला महागात पडली म्हणून सविस्तर सांगते. आपल्याकडे इंजिनिअरिंगला आणि आयटीआयला फर्स्ट अँगल शिकवतात. त्यात वरून दिसणारी आकृती समोरच्या आकृतीच्या खाली काढतात, आणि उजवीकडून दिसणारी आकृती डावीकडे. अमेरिकेकडची ड्रॉईंग थर्ड अँगलमध्ये असतात, तिथं वरचं वर आणि उजवीकडचं उजवीकडेच. कुपवाड एमआयडीसीतल्या एका शॉपसाठी मी एका कव्हरचं मॉडेल करत होते, ड्रॉईंग बाहेरून आलेलं थर्ड अँगलचं, मी सवयीनं फर्स्ट समजून वाचलं, आणि बाजूचं बोल्टचं भोक चुकीच्या बाजूला गेलं. सगळी मापं बरोबर, फक्त कव्हर आरशात बघितल्यासारखं उलटं. दोन दिवसांचं काम गेलं आणि समोरच्या माणसाचं मशीन तेवढा वेळ उघडं पडलं, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी कुठल्याही कागदावर आधी ते कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह शोधते, ड्रॉईंग कुठल्या अँगलचं आहे ते त्यावरून कळतं, आणि स्वतःच्या स्केचवर प्रत्येक आकृतीखाली साधं मराठीत लिहिते, "उजवीकडून बघितलंय", "वरून बघितलंय". तुम्ही पण लिहा. ब्लेंडरमध्ये नमपॅडचं ३ म्हणजे उजवीकडून आणि ७ म्हणजे वरून, तेव्हा कुठला फोटो कुठं लावायचा ते त्या ओळीवरून ठरवा, कागदावर तो कुठल्या बाजूला होता यावरून ठरवू नका.

तिन्ही आकृत्या जुळतात का हे तपासायला कागदावरच पट्टी आडवी ठेवा. समोरून एखादी कड ४० उंचीवर असेल तर बाजूनं पण ती ४० वरच हवी. समोरचं आणि बाजूचं चित्र वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कागदांवर काढलं की हे हमखास चुकतं. म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी, एकाच कागदावर, आडव्या फिक्या रेघा आरपार ओढून. गणपतीची मूर्ती करणाऱ्यांनी तर हे फार मनावर घ्यावं. डोळ्यांची रेघ, सोंड सुरू होते ती रेघ, पोटाचा सगळ्यात फुगीर भाग, मांडीची वरची कड, बैठक, या पाच रेघा समोरच्या आणि बाजूच्या चित्रात आरपार गेल्या की निम्मी मूर्ती झाली म्हणून समजा. आणि सोंड सगळ्यात शेवटी. डोकं, कान, पोट, पाय हे मिररनं करता येतं पण सोंड डावीकडे नाहीतर उजवीकडे वळते, हातातल्या वस्तू पण वेगवेगळ्या, म्हणून बाकीचं दोन्हीकडे सारखं करून मिरर अप्लाय करायचं आणि मगच सोंड वळवायची, आधी वळवली तर दुसऱ्या बाजूला पण एक उगवते.

तीन आकृत्या काढूनही वस्तू डोळ्यापुढं येत नसेल तर आयसोमेट्रिक काढून बघा. आडव्या रेघेशी ३० अंशाच्या दोन रेघा, एक उभी, आणि त्यात आधी एक डबा काढा, वस्तू मावेल एवढा. मग डब्यातून कोपरे कापत जा, साबणाची वडी कापतो तसं. यात गोल भोकं अंडाकृती दिसतात आणि ते अंडं तिरकं कुठल्या बाजूला करायचं यात सगळे गोंधळतात. नियम एकच: भोकातून पेन्सिल घातली असं समजा, अंड्याचा लांब व्यास त्या पेन्सिलीशी काटकोनात असतो. हे एकदा हाताला बसलं की पाईप, बोल्ट, चाक सगळं जमतं.

आता ज्यांना मशीनचे पार्ट करायचेत त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथं ब्लेंडरपेक्षा फ्रीकॅड हे मापानं पार्ट काढायचं सॉफ्टवेअर बरं, ते पण फुकट आहे. त्यात फोटो इम्पोर्ट करून त्यावर डबल क्लिक केलं की कॅलिब्रेट मिळतं, तुमच्या त्या १०० च्या रेघेची दोन टोकं दाखवायची आणि १०० लिहायचं, फोटो मापाला आला. पण फ्रीकॅडमध्ये पेन्सिलची रेघ गिरवत बसायचं नसतं. फोटो फक्त आठवणीला. रेघ कशीही ओढा आणि मग तिला सांगा की तू उभी आहेस, तू त्या रेघेला समांतर आहेस, तुझी लांबी ४० आहे, यालाच कन्स्ट्रेंट म्हणतात. सगळं सांगून झालं की स्केच हिरवं होतं, म्हणजे आता काही हलणार नाही. ही कल्पना जुनी आहे बरं का, १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला, त्यात स्क्रीनवर लाईट पेननं रेघ काढायची आणि रेघांना असे नियम लावायचे. आपण कागदावर आकडे लिहितो ते याचसाठी, हिरवं होत नसेल तर समजा कागदावर कुठलंतरी माप लिहायचं राहिलंय, परत वस्तूकडं जा आणि मोजा.

वस्तू कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण त्यातली खोच मला मिरजेत कळली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला हे तुम्ही वाचलं असेल, तिथल्या एका कारागीर काकांकडे मी तानपुऱ्याच्या खुंटीचं मॉडेल करायला म्हणून गेले होते. मी खुंटी कागदावर ठेवून गिरवली, काका बघत होते, म्हणाले, "पोरी, पेन्सिल तिरकी धरलीस, रेघ खुंटीच्या पोटात गेली." खरंच होतं. गोल वस्तूची कड कागदाला टेकत नाही, ती वर असते, पेन्सिल तिरकी झाली की रेघ आत नाहीतर बाहेर जाते. पेन्सिल ताठ उभी धरायची, आणि तरी पेन्सिल जेवढी जाड त्याच्या निम्म्यानं आकृती दोन्हीकडे मोठी येते, म्हणून गिरवलेल्या आकृतीवरून वळण घ्यायचं आणि माप मात्र व्हर्निअरचं लिहायचं. खुंटी निमुळती असते, तिचे दोन टोकांचे व्यास आणि मधली लांबी, ही तीन मापं चुकली तर ती भोकात घट्ट बसत नाही आणि तार उतरते. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

मॉडेल थ्रीडी प्रिंट करणार असाल तर स्केचवरच दोन-तीन गोष्टी लिहून ठेवा. कुठली बाजू खाली टेकणार तिथं बाण. ४५ अंशापेक्षा जास्त बाहेर लोंबणारा भाग कुठं आहे तिथं खूण, कारण त्याला खालून आधार लागतो. भिंतीची जाडी, प्लास्टिक सोडणाऱ्या नेहमीच्या ०.४ मिलीमीटरच्या नोझलला १.२ म्हणजे तीन रेघा, त्यापेक्षा पातळ शक्यतो नको. एकात एक बसणारे भाग असतील तर भोक ०.२ ते ०.३ मोठं. आणि ते युनिटचं राहिलं होतं ना, प्रिंटिंगला द्यायच्या एसटीएल फाईलमध्ये नुसते आकडे जातात, मिलीमीटर की मीटर ते लिहिलेलंच नसतं. ब्लेंडर मुळात मीटरमध्ये चालतो, त्यामुळे सुरुवातीला ०.००१ केलं नसेल तर १५० चा तांब्या ०.१५ म्हणून जातो आणि स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला देणारं सॉफ्टवेअर, त्याला ०.१५ मिलीमीटर समजतो, प्रिंटरच्या बेडवर एक ठिपका दिसतो फक्त.

मॉडेल झाल्यावर कागद बाजूला टाकू नका. समोरून दिसणारं मॉडेल साध्या प्रिंटरवर कागदावर काढा, त्यावर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवा आणि जे खटकतंय ते पेन्सिलनं दुरुस्त करा, मग तो कागद परत फोटो म्हणून मागं लावा. मी हे दोन-तीन वेळा तरी करते.

तांब्या आणि एखादी चौकोनी वस्तू जमली की पुढचा सराव म्हणून सांगलीकरांनी एका सकाळी वही घेऊन आयर्विन पुलापाशी जा, १९२९ चा पूल आहे. पुलाच्या सगळ्या कमानी काढू नका, एकच काढा. कमानीची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून मोजा, खांब कमानीच्या रुंदीच्या कितवा भाग आहे ते लिहा, दगडाच्या थरांची जाडी एका कोपऱ्यात वेगळी काढा. पुराची पातळी फुटात लिहिलेली दिसली तर तिच्यावरून उंचीचा अंदाज घ्या, तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात, म्हणजे त्या दोन खुणांमधलं अंतर ५ फूट, हीच तुमची त्या दिवसाची १०० ची रेघ. घरी येऊन एक कमान आणि एक खांब मॉडेल करा, अ‍ॅरे मॉडिफायर लावा आणि पूल किती लांब करायचा तो आकडा टाका. साताऱ्याकडच्यांनी लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीला जावं, अष्टकोनी आहे, वरून बघून काढलेल्या आकृतीत आठातली एकच बाजू नीट मोजली तर बाकीच्या सात ४५ अंशांनी फिरवून मिळतात. पाणी पितानाचा तांब्या पण सोबत न्या, तिथं बसून परत एकदा काढा.